विषाणुजन्य जठरांत्रदाहाचे प्रयोगशाळेतील निदान : इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक व प्रतिपिंड यांच्या वापराचा ऐतिहासिक आढावा

गोषवारा

विसाव्या शतकाच्या सातव्या दशकाअखेरपर्यंत लहान मुलांच्या बहुसंख्य अतिसारांचे कारण प्रयोगशाळेला सांगता येत नव्हते. १९७२ ते १९७५ या अवघ्या चार वर्षांत हे चित्र पालटले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आणि रुग्णाच्या रक्तातील प्रतिपिंडे ही दोन साधने त्या बदलाच्या मुळाशी होती. नॉरवॉक विषाणू व रोटाव्हायरस यांच्या शोधाचा मागोवा घेत, सूक्ष्मदर्शकाकडून एंझाइम-प्रतिपिंड चाचणीकडे झालेला प्रवास प्रस्तुत लेखात मांडला आहे. या प्रवासात निदान स्वस्त व सुलभ झाले. मात्र 'अपेक्षित नसलेले ओळखण्याची' क्षमता त्याच वेळी कमी झाली. भारतीय अनुभवाच्या आधारे या दोन्ही बाजूंचा विचार येथे केला आहे.

१. प्रस्तावना

अतिसार हा मानवाचा फार जुना सोबती आहे. मराठीत त्याला ढाळ, जुलाब, हगवण अशी अनेक नावे आहेत आणि त्याची कारणेही घरोघरी ठरलेली असत. मूल रांगू लागले, त्याला दात येऊ लागले की पोट बिघडणारच, असे मानले जाई. उन्हाळा लागला, दूध बाधले, दृष्ट लागली अशीही कारणे सांगितली जात. या समजुतींकडे केवळ अज्ञान म्हणून पाहणे योग्य होणार नाही. कारण त्याच काळात सुसज्ज रुग्णालयांतील डॉक्टरांपाशीही याहून फारसे समाधानकारक उत्तर नव्हते. मलाच्या नमुन्यात पटकीचे, आमांशाचे किंवा विषमज्वराच्या गटातील जिवाणू सापडले तर निदान होई. परंतु बहुसंख्य मुलांच्या बाबतीत असे काहीच सापडत नसे आणि प्रयोगशाळेच्या अहवालावर 'रोगकारक जंतू आढळले नाहीत' एवढाच शेरा येई.

हा नकारात्मक शेरा पुसला जाऊन त्या जागी एका निश्चित रोगकारकाचे नाव कसे आले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. विज्ञानाच्या इतिहासाच्या दृष्टीने त्याला दुहेरी महत्त्व आहे. एक म्हणजे, येथे रोगकारक आधी 'दिसला' आणि त्यानंतर बराच काळ तो प्रयोगशाळेत वाढवता आला नाही. दुसरे म्हणजे, जे दिसले तेच रोगाचे कारण आहे हे ठरवण्यासाठी रुग्णाच्या शरीराचीच साक्ष काढावी लागली. ही साक्ष म्हणजे प्रतिपिंडे.

२. शोधापूर्वीची परिस्थिती

अतिसाराचे काही प्रकार जिवाणूंमुळे होत नसावेत, ही शंका जुनी होती. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ जॉन झाहोर्स्की यांनी १९२९ मध्ये हिवाळ्यात येणाऱ्या उलट्यांच्या साथींचे वर्णन केले होते. १९४० च्या दशकात अमेरिका व जपान येथे स्वयंसेवकांवर प्रयोग झाले. रुग्णांचा मल जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळून तो द्रव निरोगी व्यक्तींना पाजला असता त्यांनाही अतिसार झाला. याचा अर्थ रोगकारक गाळणीतून पार होण्याइतका सूक्ष्म होता, म्हणजेच तो विषाणू असण्याची शक्यता होती.

१९४९ मध्ये एंडर्स, वेलर व रॉबिन्स यांनी पोलिओचा विषाणू पेशीसंवर्धनात वाढवून दाखवला. या कार्यासाठी त्यांना १९५४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर पेशीसंवर्धन हेच विषाणुशास्त्राचे प्रमुख साधन बनले. मलातून अनेक नवे विषाणू या पद्धतीने वेगळे करण्यात आले आणि अतिसाराचेही कोडे लवकरच सुटेल असा विश्वास निर्माण झाला. तो फोल ठरला. संवर्धनात वाढणारे बहुतेक विषाणू आजारी व निरोगी अशा दोन्ही प्रकारच्या मुलांत जवळपास सारख्याच प्रमाणात सापडत. आणि ज्यांचा शोध घ्यायचा होता ते संवर्धनात वाढतच नव्हते. अशा स्थितीत विषाणू वाढवण्याचा आग्रह सोडून तो थेट पाहण्याचा मार्ग उरला होता.

३. पाहण्याचे साधन : इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक व ऋण अभिरंजन

साध्या सूक्ष्मदर्शकाला प्रकाशाच्या तरंगलांबीची मर्यादा असते. सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा जवळ असलेले दोन बिंदू त्यातून वेगळे दिसत नाहीत. अतिसाराचे विषाणू याहून कितीतरी लहान आहेत. रोटाव्हायरस सुमारे ७० नॅनोमीटरचा, तर नॉरवॉक विषाणू सुमारे २७ नॅनोमीटरचा आहे. प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनांचा झोत वापरणारा पहिला सूक्ष्मदर्शक एर्न्स्ट रुस्का व माक्स क्नोल यांनी १९३१ मध्ये जर्मनीत तयार केला. रुस्का यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले ते १९८६ मध्ये, म्हणजे तब्बल पंचावन्न वर्षांनी.

केवळ यंत्र असून भागत नव्हते. विषाणूचा कण इलेक्ट्रॉनांच्या झोतात इतका फिका असतो की तो पार्श्वभूमीत हरवून जातो. १९५९ मध्ये केंब्रिज येथे सिडनी ब्रेनर व रॉबर्ट हॉर्न यांनी ऋण अभिरंजनाची सोपी पद्धत प्रसिद्ध केली. तीत फॉस्फोटंग्स्टिक आम्लाच्या क्षाराचे द्रावण नमुन्यात मिसळतात. टंग्स्टन हा जड धातू कणाभोवतीच्या जागेत साचतो. झोत त्या जागेतून जाऊ शकत नाही आणि कण मात्र उजळ दिसतो. भिंतीवर हात टेकवून भोवती रंग उडवल्यावर हाताचा कोरा ठसा उमटतो, तसाच हा प्रकार. संपूर्ण तयारीला काही मिनिटे पुरत. यामुळे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक हे संशोधकाचे साधन राहिले नाही, ते निदानाचेही साधन होऊ शकले.

तरीही एक अडचण होती. विषाणू नजरेस पडण्यासाठी दर मिलिलिटरमागे साधारण दहा लाख कण असावे लागतात. शिवाय मलाच्या नमुन्यात पेशींचे तुकडे, जिवाणूंचे अवशेष, जिवाणुभक्षक विषाणू अशी गर्दी असते. रोटाव्हायरससारखा स्पष्ट आकाराचा कण या गर्दीतही ओळखता येतो. परंतु २७ नॅनोमीटरचा, ठळक वैशिष्ट्य नसलेला एकटा गोल कण हा विषाणू आहे की कचरा, हे अनुभवी डोळ्यालाही सांगता येत नाही.

४. ओळखण्याचे साधन : प्रतिपिंडे

शरीरात शिरलेल्या विषाणूविरुद्ध रक्तात विशिष्ट प्रतिपिंडे तयार होतात. प्रत्येक प्रतिपिंडाला दोन भुजा असतात व त्या दोन वेगवेगळ्या कणांना धरू शकतात. त्यामुळे विषाणू व त्याची प्रतिपिंडे एकत्र आली की कणांचे पुंजके बनतात. तंबाखूवरील केवडा रोगाचा विषाणू आणि त्याविरुद्धचा रक्तरस यांचे हे मीलन अँडरसन व स्टॅन्ली यांनी १९४१ मध्येच इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते. परंतु मानवी रोगांच्या अभ्यासात या पद्धतीचे सामर्थ्य दाखवून देण्याचे श्रेय प्रामुख्याने जून अल्मेडा यांच्याकडे जाते.

अल्मेडा यांचा जन्म १९३० मध्ये ग्लासगो येथे झाला. वडील बसचालक होते. परिस्थितीमुळे त्यांना सोळाव्या वर्षी शाळा सोडावी लागली व त्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून काम करू लागल्या. पुढे कॅनडातील टोरोंटो व त्यानंतर लंडन येथे काम करताना त्यांनी प्रतिपिंडांच्या साहाय्याने विषाणूंचे पुंजके घडवून ते पाहण्याचे तंत्र विकसित केले. मानवी कोरोनाव्हायरसाची पहिली सूक्ष्मचित्रे (१९६०-७० च्या दशकातील) त्यांचीच होत. औपचारिक पदवीशिवाय या क्षेत्रात आलेल्या एका तंत्रज्ञ स्त्रीच्या हस्तकौशल्यातून हे तंत्र घडले, ही बाब प्रयोगशाळेतील श्रमांच्या इतिहासात नोंदवण्याजोगी आहे. हे तंत्र त्यांच्याकडून शिकून घेणाऱ्यांत अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील डॉ. अल्बर्ट कपिकियन हे एक होते.

५. नॉरवॉक : एका शाळेतील साथ

ऑक्टोबर १९६८ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यातील नॉरवॉक या गावी एका प्राथमिक शाळेत उलट्या व जुलाबांची साथ आली. शाळेतील २३२ विद्यार्थी व शिक्षकांपैकी जवळजवळ निम्मे एक-दोन दिवसांत आजारी पडले. त्यांच्या घरातील माणसांनाही लागण झाली. आजार सौम्य होता व बहुतेकजण दिवसाभरात बरे झाले. जिवाणूंचा शोध घेतला असता काहीही सापडले नाही. परंतु रुग्णांच्या मलाचे नमुने जपून ठेवण्यात आले आणि या लहानशा दक्षतेमुळेच पुढील इतिहास घडला.

त्या नमुन्यांचा गाळलेला द्रव पुढे स्वयंसेवकांना देण्यात आला व त्यांच्यात आजार निर्माण झाला. हे स्वयंसेवक मेरीलँड राज्यातील तुरुंगात शिक्षा भोगणारे कैदी होते. बंदिवासातील माणसाची संमती कितपत मुक्त असू शकते, हा प्रश्न पुढे १९७० च्या दशकात अमेरिकेत गांभीर्याने विचारला गेला व अशा प्रयोगांवर कठोर बंधने आली. या शोधाचा गौरव करताना त्यामागील ही बाजू वगळणे इतिहासाच्या अभ्यासकाला शोभणारे नाही. ज्यांच्या रक्तरसामुळे विषाणू ओळखला गेला, त्यांची नावे कोणत्याही शोधनिबंधात नाहीत.

कपिकियन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मलाच्या गाळलेल्या द्रवात बऱ्या झालेल्या स्वयंसेवकाचा रक्तरस मिसळला, काही काळ ठेवला, अपकेंद्रण यंत्रात फिरवून तळाशी बसलेला साका घेतला व ऋण अभिरंजन करून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. एरवी विखुरलेले व न ओळखता येणारे २७ नॅनोमीटरचे कण आता पुंजक्यांत एकत्र आलेले, प्रतिपिंडांच्या दाट प्रभावळीने वेढलेले दिसले. १९७२ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विषाणुजन्य जठरांत्रदाहाचा कारक प्रथमच मानवी डोळ्यांसमोर आला.

येथे थांबून एका महत्त्वाच्या मुद्द्याचा विचार करणे आवश्यक आहे. कण दिसला म्हणजे तो रोगाचे कारण आहे असे सिद्ध होते काय? तो आतड्यात कायम वास करणारा निरुपद्रवी प्रवासीही असू शकतो. रॉबर्ट कॉख यांच्या प्रसिद्ध निकषांनुसार रोगकारक शरीराबाहेर शुद्ध स्वरूपात वाढवून दाखवणे अपेक्षित होते, आणि येथे तर तो वाढतच नव्हता. कपिकियन यांनी यावर काढलेला मार्ग विचार करण्याजोगा आहे. त्यांनी एकाच व्यक्तीचे आजारापूर्वीचे व आजारानंतरचे असे रक्तरसाचे दोन नमुने घेतले. कणांभोवती प्रतिपिंडांचा थर किती दाट आहे यानुसार त्यांना श्रेणी दिल्या. आजारानंतरच्या रक्तरसात हा थर स्पष्टपणे वाढलेला आढळला. प्रयोगातील स्वयंसेवकांप्रमाणेच नैसर्गिकरीत्या आजारी पडलेल्या व्यक्तींच्या बाबतीतही तसेच दिसले. म्हणजे आजाराच्या काळात त्या व्यक्तीच्या शरीराने नेमक्या याच कणाविरुद्ध लढा दिला होता. संवर्धनाची जागा अशा रीतीने प्रतिपिंडांच्या साक्षीने घेतली. याच तंत्राने १९७३ मध्ये फाइनस्टोन, कपिकियन व पर्सेल यांनी अ प्रकारच्या काविळीचा विषाणूही ओळखला.

६. मेलबर्न आणि बर्मिंगहॅम : चाकासारखा विषाणू

नॉरवॉक विषाणूने साथींचे कोडे काही अंशी सोडवले. तथापि लहान मुलांच्या गंभीर, जीवघेण्या अतिसाराचे कारण वेगळेच होते. मेलबर्न येथील रूथ बिशप, जेफ्री डेव्हिडसन, इयान होम्स व ब्रायन रक यांनी जिवाणू न सापडलेल्या ९ बालरुग्णांच्या लहान आतड्याच्या अस्तराचे तुकडे तपासले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांपैकी ६ मुलांच्या आतड्याच्या पेशींत विषाणूचे असंख्य कण दिसले. डिसेंबर १९७३ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात हा शोध प्रसिद्ध झाला.

आजारी बाळाच्या आतड्याचा तुकडा काढणे ही नित्य निदानाची पद्धत होऊ शकत नव्हती. त्याच महिन्यात बर्मिंगहॅम येथील थॉमस फ्ल्युएट व सहकाऱ्यांनी मुलांच्या मलातच ऋण अभिरंजनाने असे कण दाखवले. बिशप यांच्या गटानेही पुढील वर्षी मलातील विषाणूवर निबंध प्रसिद्ध केला. आजाराच्या ऐन भरात एका ग्रॅम मलात या विषाणूचे अब्जावधी कण असतात, त्यामुळे प्रतिपिंडांच्या मदतीविनाही ते सहज दिसत. कणाची कड गुळगुळीत आणि आत आरे असल्यासारखी रचना पाहून फ्ल्युएट यांनी चाक या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून 'रोटाव्हायरस' हे नाव सुचवले. त्या काळात या विषाणूला निरनिराळ्या देशांत निरनिराळी नावे होती. अखेरीस सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसले त्यावरून पडलेले नावच टिकले.

फ्ल्युएट यांच्या गटाने १९७४ मध्ये प्रतिपिंडांच्या साहाय्याने आणखी एक गोष्ट दाखवली. नवजात वासरांच्या हगवणीत सापडणारा विषाणू आणि मुलांमधील हा विषाणू एकमेकांचे नातलग आहेत. गोठ्यातील हगवण व घरातील हगवण यांचा असा संबंध पशुवैद्यक आणि वैद्यक या दोन शास्त्रांना जवळ आणणारा ठरला. मानवी विषाणू संवर्धनात वाढत नव्हता, पण वासरांमधील विषाणू वाढत होता. म्हणून अमेरिकेतील संशोधकांनी नेब्रास्का येथील वासरांचा विषाणू प्रतिजन म्हणून वापरून मुलांच्या रक्तातील प्रतिपिंडे मोजण्याची चाचणी बसवली. मानवी रोटाव्हायरस संवर्धनात वाढवण्यात यश आले ते १९८० च्या सुमारास.

यानंतर शोधांची मालिकाच सुरू झाली. १९७५ मध्ये ग्लासगो येथील मॅडली व कॉसग्रोव्ह यांनी पृष्ठभागावर चांदणी असलेल्या सुमारे २८ नॅनोमीटरच्या कणाला 'अ‍ॅस्ट्रोव्हायरस' हे नाव दिले. आतड्यातील अ‍ॅडिनोव्हायरस आणि कॅलिसिव्हायरस यांची नोंदही याच सुमारास झाली.

७. सूक्ष्मदर्शकाकडून चाचणीपेटीकडे

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची किंमत, त्यासाठी लागणारी स्थिर जागा व अखंड वीज, आणि प्रशिक्षित डोळा यांमुळे ही पद्धत मोजक्या केंद्रांपुरतीच राहिली. एका नमुन्याला पंधरा-वीस मिनिटे द्यावी लागत. शेकडो मुलांची पाहणी करायची तर हे साधन अपुरे होते. म्हणून प्रतिपिंडांनी घडवलेला परिणाम यंत्राविना, साध्या डोळ्यांना दिसेल अशी युक्ती हवी होती.

ती १९७१ मध्ये स्वीडनमधील एंगव्हाल व पर्लमान आणि नेदरलँड्समधील व्हान वेमेन व शूर्स यांनी स्वतंत्रपणे शोधून काढली. प्रतिपिंडाला एंझाइम जोडायचे व त्या एंझाइमाच्या क्रियेने रंग निर्माण करायचा, ही त्यामागील कल्पना. हीच आज सर्वपरिचित असलेली एलायझा चाचणी. प्लॅस्टिकच्या तबकडीतील खळग्यांच्या तळाशी रोटाव्हायरसविरोधी प्रतिपिंडे चिकटवून ठेवतात. त्यात मलाचा पातळ केलेला नमुना घालतात. विषाणू असल्यास तो तेथे अडकतो, बाकी सारे धुऊन जाते. मग एंझाइम जोडलेली प्रतिपिंडे घालतात. ती अडकलेल्या विषाणूला धरतात. शेवटी रंगद्रव्याचा पूर्वघटक घातला की विषाणू असलेला खळगा रंगतो. १९७७ मध्ये रॉबर्ट योल्केन व सहकाऱ्यांनी ही चाचणी रोटाव्हायरससाठी वापरून दाखवली. एका तबकडीत ९६ खळगे असल्याने अनेक नमुने एकदम तपासता येऊ लागले.

चाचणी सोपी होती, पण निर्दोष नव्हती. मलातील काही घटक कोणत्याही प्रतिपिंडाला चिकटतात व विषाणू नसतानाही रंग दिसतो. यावर उपाय म्हणून प्रत्येक नमुन्यासाठी रोटाव्हायरसविरोधी प्रतिपिंडे नसलेला तुलनेचा खळगा ठेवण्याची शिस्त बसवावी लागली. १९७५ मध्ये कोहलर व मिलस्टीन यांनी एककृंतकीय प्रतिपिंडे तयार करण्याची पद्धत शोधली होती. त्यांच्या वापराने पुढे चाचणीची विशिष्टता वाढली. १९८० च्या दशकात लॅटेक्सच्या बारीक मण्यांवर प्रतिपिंडे चढवून केलेली समूहन चाचणी आली. तीत काचपट्टीवर दोन-तीन मिनिटांत कण गोळा झालेले साध्या डोळ्यांना दिसतात. पुढे कागदी पट्टीवरील चाचण्याही आल्या. १९७२ साली लाखो रुपयांच्या यंत्राखाली दिसलेले पुंजके आता तालुक्याच्या दवाखान्यातील काचपट्टीवर दिसू लागले. मूळ तत्त्व मात्र एकच होते. प्रतिपिंड आपल्या विषाणूला धरते आणि त्याचे पुंजके बनवते.

नॉरवॉक विषाणूची कथा वेगळी राहिली. तो संवर्धनात वाढेना व मलातही कमी प्रमाणात असे. चाचणीसाठी लागणारे प्रतिजन व प्रतिपिंडे स्वयंसेवकांच्या नमुन्यांतूनच मिळत, त्यामुळे ती मोजक्या प्रयोगशाळांबाहेर गेली नाही. १९९० मध्ये ह्यूस्टन येथे मेरी एस्टेस यांच्या गटाने त्याच्या जनुकीय द्रव्याची प्रतिकृती तयार केली व त्यानंतरच नव्या चाचण्यांचा मार्ग खुला झाला. २००२ मध्ये या गटाला 'नोरोव्हायरस' हे अधिकृत नाव मिळाले. मानवी नोरोव्हायरस आतड्याच्या सूक्ष्म प्रतिरूपांत वाढवण्यात २०१६ मध्ये यश आले, म्हणजे तो प्रथम दिसल्यानंतर चव्वेचाळीस वर्षांनी.

८. भारतीय अनुभव

रोटाव्हायरसच्या शोधानंतर वर्षभराच्या आतच तो भारतातही आढळला. वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील संशोधकांनी मेलबर्नच्या इयान होम्स यांच्यासमवेत केलेल्या अभ्यासाचा निबंध १९७४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. तेथील मॅथन व सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये मलातील बहुरूपी, विषाणुसदृश कणांचीही नोंद केली. हे कण निरोगी व्यक्तींतही दिसत असल्याने त्यांचा रोगाशी संबंध लावणे कठीण होते. जे दिसते ते सारेच रोगकारक नसते, याचा हा बोलका दाखला होय.

परकीय चाचणीपेट्या महाग असल्याने अनेक भारतीय प्रयोगशाळांनी जेल-विद्युतसंचारण ही कमी खर्चाची पद्धत जवळ केली. रोटाव्हायरसचे जनुकीय द्रव्य ११ तुकड्यांचे असते. विद्युत्प्रवाहाने हे तुकडे जेलमध्ये आकारानुसार वेगळे होतात व चांदीच्या क्षाराने रंगवल्यावर ११ पट्टे दिसतात. या साध्या पद्धतीने एक मोठी गोष्ट साधली. एलायझा चाचणी 'अ' गटाच्या रोटाव्हायरसलाच ओळखते. चीनमध्ये १९८२-८३ मध्ये प्रौढांत अतिसाराच्या मोठ्या साथी आल्या, तेव्हा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली रोटाव्हायरससारखे कण स्पष्ट दिसत होते, मात्र 'अ' गटाच्या प्रतिपिंडांना ते दाद देत नव्हते. तो 'ब' गटाचा विषाणू निघाला. १९९७-९८ मध्ये कोलकाता येथे प्रौढ रुग्णांत हाच गट सापडला तो जेलमधील पट्ट्यांच्या वेगळ्या मांडणीमुळे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतील अभ्यासांतून पश्चिम भारतातही त्याचे अस्तित्व दिसून आले. केवळ एलायझावर विसंबून राहिले असते, तर या सर्व रुग्णांच्या अहवालांवर 'रोटाव्हायरस आढळला नाही' असेच लिहिले गेले असते.

येथे एक रास्त आक्षेप घेतला जातो. अतिसाराचा उपचार कारणावर फारसा अवलंबून नाही. १९७१ मध्ये बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने हजारो रुग्ण वाचवून दाखवले, त्यासाठी विषाणूचे नाव कळण्याची गरज पडली नव्हती. मग निदानाचा उपयोग काय? याचे उत्तर एका रुग्णाच्या खाटेशेजारी सापडत नाही, ते समाजाच्या पातळीवर शोधावे लागते. अतिसार विषाणूमुळे आहे हे कळले की अनावश्यक प्रतिजैविके टाळता येतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे लस हवी की नको, हे आकड्यांशिवाय ठरत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने २००५ मध्ये रोटाव्हायरस सर्वेक्षणाचे जाळे सुरू झाले. पहिल्या दोन वर्षांत अतिसारामुळे रुग्णालयात दाखल झालेल्या ४,२४३ मुलांच्या मलाच्या तपासणीत सुमारे ३९ टक्के नमुन्यांत रोटाव्हायरस आढळला. २००८ या वर्षी जगात पाच वर्षांखालील सुमारे ४ लाख ५३ हजार मुले या विषाणूमुळे दगावल्याचा अंदाज आहे आणि त्यांपैकी एक पंचमांशाहून अधिक भारतातील होती. ज्या मृत्यूंना पूर्वी 'दात येताना लागलेले ढाळ' म्हटले जाई, त्यांची ही मोजणी होती.

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत १९८० च्या दशकात डॉ. महाराज किशन भान व सहकाऱ्यांना नवजात अर्भकांत आजार न घडवणारा रोटाव्हायरसचा एक प्रकार सापडला होता. निरोगी बाळांचेही नमुने तपासले म्हणूनच तो हाती लागला. त्यापासून तयार झालेल्या 'रोटाव्हॅक' लसीची चाचणी दिल्ली, वेल्लोर व पुण्याजवळील वढू परिसरात ६,७९९ अर्भकांवर झाली. लस परिणामकारक आहे की नाही याचा निवाडा अखेर मलाच्या नमुन्यांवरील एलायझा चाचणीनेच केला. २०१४ मध्ये या लसीला परवाना मिळाला, २०१६ मध्ये चार राज्यांत रोटाव्हायरस लसीकरण सुरू झाले व २०१९ मध्ये ते देशभर पोहोचले. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'रोटासिल' ही लसही या कार्यक्रमात वापरली गेली.

९. विवेचन व निष्कर्ष

उपरोक्त आढाव्यातून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) विषाणुजन्य जठरांत्रदाहाच्या बाबतीत पाहणे व ओळखणे या दोन भिन्न क्रिया होत्या. सूक्ष्मदर्शकाने कण दाखवला, तो रोगाशी जोडला प्रतिपिंडांनी. यांपैकी एकच साधन असते तर नॉरवॉक विषाणूचा शोध लागला नसता.

(२) रोगकारक सिद्ध करण्याचे निकष साधनांबरोबर बदलतात. संवर्धन शक्य नसताना आजारापूर्वीच्या व आजारानंतरच्या रक्तरसाची तुलना हा पुरावा मान्य झाला. हा निकषांतील शैथिल्याचा प्रकार नव्हता. पुराव्याचा तो वेगळा, पण तितकाच काटेकोर मार्ग होता.

(३) एलायझा व तत्सम चाचण्यांनी निदान मोठ्या केंद्रांतून सामान्य रुग्णालयांपर्यंत आणले आणि लसीकरणाच्या धोरणाला आधार दिला. तथापि अशी चाचणी विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक मात्र न विचारलेल्या प्रश्नाचेही उत्तर देऊ शकतो. 'ब' गटाच्या रोटाव्हायरसचा इतिहास याचा पुरावा आहे. आजच्या जनुकीय चाचण्या एकाच वेळी अनेक रोगकारकांचा शोध घेतात, पण ती यादीही आधी ठरलेलीच असते. जनुकक्रमाच्या सर्वंकष वाचनाने ही उणीव बरीचशी भरून निघत असली, तरी ती सोय सर्वत्र उपलब्ध नाही. म्हणून काही मध्यवर्ती प्रयोगशाळांत सूक्ष्मदर्शकाची परंपरा व ती जपणारे प्रशिक्षित डोळे टिकवणे आवश्यक वाटते. २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने नव्या कोरोनाव्हायरसाचे भारतीय रुग्णातील सूक्ष्मचित्र प्रसिद्ध केले, ते याच परंपरेच्या बळावर.

(४) हा इतिहास केवळ नामवंत शास्त्रज्ञांचा नाही. शाळा सुटलेली तंत्रज्ञ मुलगी, नाव न उरलेले कैदी, आणि साथ ओसरल्यावरही नमुने जपून ठेवणारे कर्मचारी यांचाही तो आहे. महाविद्यालयीन स्तरावर विज्ञानाचा इतिहास शिकवताना या घटकांचा समावेश व्हावयास हवा. सामाजिक शास्त्रे व जीवशास्त्र या दोन्ही शाखांच्या अध्यापकांना एकत्र येऊन शिकवता येईल असा हा विषय आहे.

अहवालावरील 'रोगकारक जंतू आढळले नाहीत' या शेऱ्याचा खरा अर्थ 'आम्ही ज्यांचा शोध घेतला ते आढळले नाहीत' एवढाच असतो. १९७२ पूर्वी तो तसा वाचला गेला नाही आणि असंख्य मुलांच्या मृत्यूचे कारण अज्ञात राहिले. प्रयोगशाळेचा नकार हा अंतिम निर्णय म्हणून स्वीकारता येत नाही. तो पुढील शोधाचा आरंभ असतो, हाच या अर्धशतकाच्या वाटचालीचा अर्थ होय.